सैल ड्रेसचं फिटिंग खांद्यात असतं

प्रश्न थोडक्यात असा होता: विकतच्या कागदी पॅटर्नवरून (कापड कापायचा तयार साचा) पहिल्यांदाच उन्हाळ्यासाठी सैलसा ड्रेस शिवला, पाकिटावरच्या तक्त्यात छातीचं माप बघून साइज कापली, सगळं लिहिल्याप्रमाणे केलं, तरी अंगावर तंबू झालाय, गळा सारखा एका खांद्यावरून घसरतो, आणि पुढचा घेर वर उचलला जातो, मागचा खाली लोंबतो. आता दुसरा रेयॉनचा करायचाय, तर नक्की चुकलं काय? आणि "सैल ड्रेसला कसलं आलंय फिटिंग" असं मैत्रीण म्हणते ते खरं का?

मैत्रिणीला सांगा, अर्धंच खरं आहे. मी वीसेक वर्षं शिवतेय आणि माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यात घट्ट ब्लाउजांच्या खालोखाल सैल ड्रेसच असतात. घट्ट कपडा अंगाला दहा ठिकाणी धरून असतो. सैल ड्रेस एकाच पट्ट्यात टेकतो, गळा, खांदे आणि छातीचा वरचा भाग, बाकी सगळं कापड तिथून लोंबतं. तेवढा पट्टा तुमच्या मापाचा असला की खाली कितीही घेर असू दे, ड्रेस छान पडतो, आणि तो पट्टा मोठा झाला की घेर कमी करूनही तंबू तो तंबूच. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी तंबू आणि घसरणारा गळा मुख्यतः एकाच चुकीचे वाटतात, साइज छातीवरून निवडली ती; पुढचा घेर उचलला जातो त्याचं कारण वेगळं, ते पुढे सांगते.

आधी तक्ता कसा वाचायचा ते सांगते. पॅटर्नचा साइज नंबर आणि दुकानातल्या तयार कपड्याचा नंबर यांचा काही संबंध नाही हे पहिलं डोक्यात बसवायचं. मॅककॉल्स, सिंप्लिसिटी, बटरिक, व्होग या अमेरिकन पॅटर्न-कंपन्यांच्या तक्त्यात १४ नंबर म्हणजे छाती ३६ इंच, कंबर २८, हिप ३८. तयार कपड्यात ३६ छातीवाली बाई १४ नंबर शोधायला जाणारच नाही, त्यामुळे पाकीट बघून पुष्कळजणी दचकतात, एवढी का मी जाड! तर तसं काही नाही, आकडे जुन्या पद्धतीचे आहेत एवढंच. (त्यातल्या बटरिकचा तो मूळ एबेनेझर बटरिक, अमेरिकेतला शिंपी, त्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या साइजमध्ये कापलेले कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. आज पाकिटातून तो चुरचुरीत पातळ कागद निघतो ना, त्याची गोष्ट तिथपर्यंत मागे जाते.)

आता मुद्द्याचं. या कंपन्या साधारण बी कपचं शरीर धरून पॅटर्न काढतात, म्हणजे भर छातीचं माप आणि काखेतून, छातीच्या उभाराच्या वरून घेतलेलं माप यांत सुमारे २ इंचांचा फरक. तुमचा फरक त्याहून जास्त असेल तर भर छातीच्या आकड्याने साइज घेतली की छाती बरोबर येते, पण गळा, खांदे, पाठ, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) सगळं दुसऱ्याच कुणा मोठ्या बाईचं येतं. म्हणून टेप काखेतून वर घ्या, पाठीवर सरळ ठेवा आणि ते माप लिहा. समजा वरची छाती ३६ आणि भर छाती ४०. तक्ता म्हणेल १८ नंबर. मी सैल ड्रेस असेल तर सरळ ३६ ला छाती समजते आणि १४ कापते.

मग छातीला घट्ट नाही का होणार? इथे दुसरा आकडा बघायचा, तो बहुतेकजणी बघतच नाहीत. तक्त्यातलं माप शरीराचं असतं, तयार ड्रेसचं माप वेगळं असतं, ते पाकिटावर किंवा आतल्या कागदावर छातीच्या जागी छापलेलं असतं. या दोघांतला फरक म्हणजे सैलपणा. मॅककॉल्स-व्होगवाल्यांच्या भाषेत ड्रेसला 'लूज-फिटिंग' म्हटलं की छातीला साधारण ५ ते ८ इंच सैल, 'व्हेरी लूज' म्हटलं की ८ च्या वर. समजा तुमच्या पॅटर्नला १० इंच दिलेत, तर १८ नंबरचा तयार ड्रेस छातीला ५० आणि १४ चा ४६. तुमची छाती ४०, म्हणजे १४ कापूनही ६ इंच मोकळे उरतात! सैलच आहे की. फक्त आता खांदे तुमचे आहेत. हिपचंही तसंच तपासा, तयार माप आणि तुमचं माप यांत ३-४ इंच तरी राहायला हवेत, नाहीतर बसताना कळतं. मापं छापलेली नसतील तर कागदावर काखेखाली आडवं मोजा, पुढचा अर्धा अधिक मागचा अर्धा, त्यातून बाजूच्या शिवणीची माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) वजा, मग दुप्पट. पाच मिनिटांचं काम आहे आणि कापड वाचतं.

मायेवरून आठवलं, हीसुद्धा प्रत्येकाची वेगळी असते. या अमेरिकन पॅटर्नमध्ये ५/८ इंच, म्हणजे १.५ सेंमीच्या किंचित वर, आतच धरलेली असते. बुर्डा या जर्मन शिवणमासिकातल्या पॅटर्नला माया नसतेच, आपण वाढवायची. घरी प्रिंट काढायच्या पीडीएफवाल्या बऱ्याच पॅटर्नना १ सेंमी. आधी वाचा. आणि पीडीएफ असेल तर प्रिंट १०० टक्क्यांवरच काढा, 'पानावर बसवा' असला पर्याय बंद, पहिल्या पानावरचा चाचणीचा चौकोन पट्टीने मोजा आणि मगच बाकीची पानं छापा. मी एकदा आळस केला होता, सगळी पानं चिकटवून झाल्यावर चौकोन मोजला, तर १० चा ९.७ भरला. तेवढ्याने काय होतंय म्हणाल तर ४६ इंचांच्या घेरात जवळजवळ दीड इंच गेला.

कागद कापू नका, बटर पेपरवर उतरवून घ्या. साइज बदलली, बाळंतपण झालं, मैत्रिणीला हवा झाला, मूळ कागद शाबूत असला तर सगळं करता येतं. उतरवताना खाचा, उभ्या धाग्याचा बाण, खिशाच्या जागेचे ठिपके हे सगळं घ्यायचं, नुसती बाहेरची रेघ नाही.

उंचीचं बोलले नाही तर निम्म्याजणींचं काम अडेल. बुर्डाची नेहमीची साइज १६८ सेंमी उंचीवर बेतलेली, अमेरिकन कंपन्याही साधारण साडेपाच फुटांच्या बाईसाठी काढतात. आपण पाच फूट एक असलो की सवयीने खालून चार इंच कापून मोकळे होतो, मग कंबरेची शिवण हिपवर आणि खिसे मांडीवर, हात घालायला वाकायला लागतं. उंची तिन्ही ठिकाणी वाटून कमी करायची, थोडी मुंढ्याच्या मध्यातून, थोडी छाती आणि कंबरेच्या मधून, उरलेली घेरातून. कागदावर 'इथे लांब किंवा आखूड करा' अशी दुहेरी रेघ असते तिथे घडी घालायची. मुंढ्यातून १ सेंमी काढलीत तर बाहीच्या डोक्यातूनही, म्हणजे तिच्या वरच्या गोलाईतूनही, तेवढीच काढायची, हे विसरलात तर बाही मुंढ्यात बसणार नाही. योकवाला (खांद्याखाली वेगळा तुकडा जोडलेला) किंवा छातीखाली चुण्या असलेला ड्रेस असेल तर खांद्यापासून छातीच्या खालपर्यंत स्वतःचं माप घ्या आणि ती शिवण नक्की छातीच्या खाली येतेय का बघा. ती छातीच्या मध्यावर आली की कुठलाही ड्रेस बाळंतिणीचा दिसतो.

तुमचा पुढचा घेर वर का उचलला जातो? भर छातीवरून खाली येताना कापडाला जास्त लांबी लागते, ती पॅटर्नमध्ये नसेल तर ती घेराकडून ओढली जाते. रुंदी भरपूर होती म्हणून घट्ट वाटलं नाही, पण लांबी कमी पडली. आरशात बाजूने बघा, छातीपासून खाली बाजूच्या शिवणीकडे तिरक्या ओढलेल्या रेघा दिसतील आणि मुंढा काखेपुढे उघडा पडला असेल. १४ कापल्यावर हे आणखी जाणवेल, म्हणून पुढच्या भागात छातीच्या रेषेवर आडवा छेद देऊन २-३ सेंमी लांबी घालायची, आणि त्यामुळे बाजूची शिवण मागच्यापेक्षा जेवढी लांब होईल तेवढा बाजूला एक डार्ट, म्हणजे टोकाकडे निमुळती शिवलेली घडी. सैल ड्रेसला डार्ट कशाला असं वाटतं ना? घाला. छापील कापडात तो दिसतसुद्धा नाही. योकखाली चुण्या असतील तर डार्टऐवजी तो जादा भाग चुण्यांत फिरवता येतो, ते आणखी सुबक.

हे सगळं आधी मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीवर करून बघायचं. पूर्ण ड्रेस नको, फक्त खांद्यापासून कंबरेपर्यंत, एक बाही, मोठ्या टाक्याने. आणि इथे एक गंमत असते, ती मी पहिली दोन-तीन वर्षं स्वतः करत होते. कच्चा घालून बघितला की गळा टोचतो, वर चढल्यासारखा वाटतो, मग आपण कात्री घेऊन तो खोल करतो. पण त्या गळ्याला १.५ सेंमी माया अजून शिल्लक असते! पूर्ण गोल गळ्याच्या परिघात तेवढ्याने साधारण ९ सेंमीचा फरक पडतो. म्हणजे आपण बरोबर असलेला गळा कापून मोठा करतो आणि तयार झाल्यावर तो खांद्यावरून घसरतो. म्हणून कच्च्या ड्रेसवर शिवणीची रेघ पेन्सिलने काढा, माया त्या रेघेपर्यंत बारीक बारीक कापून बाहेर दुमडा, मग आरशात बघा. तुमचा गळा घसरतोय त्यात साइजबरोबर हेही कारण असू शकतं, आठवून बघा.

कापडाकडे येते. रेयॉन म्हणताय तर आधी धुवा, आणि ड्रेस पुढे जसा धुणार तसाच धुवा, मशिनमध्ये तर मशिनमध्ये. कॉटनही आटतं, समजा ५ टक्के धरलं तर २ मीटरमध्ये १० सेंमी गेले. रेयॉन त्याहून लबाड, आटतंही आणि नंतर लोंबून लांबही होतं. पहिल्या ड्रेसचं कापड तुम्ही सांगितलं नाहीत, पण जाडसर कडक कॉटन असेल तर तंबूला त्याचाही हातभार लागला असणार, कारण कडक कापडात सैलपणा बाहेर उभा राहतो आणि पडतं कापड तोच सैलपणा खाली सोडतं. पाकिटाच्या मागे सुचवलेल्या कापडांची यादी असते ती उगाच नसते. कापड हातात घेऊन एक टोक मुठीत धरा आणि बाकीचं सोडा, चुण्या हाताला चिकटून खाली आल्या तर ते मोठ्या घेराच्या ड्रेसला चालेल, छत्रीसारखं पसरलं तर कमी घेराचा पॅटर्न निवडा. लॉन, व्हॉइल, मलमल असलं पातळ कापड असेल तर एका थराखाली हात घालून बघा, बोटं मोजता आली तर अस्तर धरायलाच हवं.

रेयॉन कापताना सरकतं, त्यावर उपाय एकच, घाई नाही. दुहेरी घडी घालू नका, एकेरी पसरा, खाली मोठे कागद घाला, कापड त्या कागदाला टाचण्यांनी धरा आणि कागदासकट कापा. फारच पळत असेल तर हलकी खळ देऊन वाळवून इस्त्री करा, धुतली की निघते. उभ्या धाग्याचा बाण डोळ्याने सरळ दिसला म्हणून सोडायचं नाही, बाणाच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंत मोजा, दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ११५ सेंमीचा आहे की १५० चा यावर किती कापड लागेल ते ठरतं, पाकिटावर दोन्हीचे आकडे असतात, आणि फुलांची तोंडं एकाच दिशेला असतील तर 'विथ नॅप'चा (सगळे भाग एकाच दिशेने कापण्यासाठीचा) आकडा बघा, तो जास्त असतो.

कापलं की पहिलं काम गळ्याला शिवणरेघेच्या जरा बाहेर, मायेतच, एकेरी टीप मारणं. घालून बघायच्या आधी, इस्त्रीच्याही आधी. गळ्याची गोलाई तिरक्या धाग्यावर येते आणि रेयॉनचा गळा टेबलावरून उचलताना, टांगताना नुसत्या स्वतःच्या वजनाने दोन सेंमी वाढलेला मी पाहिलाय. टीप खांद्यापासून मध्यापर्यंत एक, मग दुसऱ्या खांद्यापासून मध्यापर्यंत दुसरी. खांद्याच्या शिवणीत त्याच कापडाच्या काठाची अर्ध्या सेंमीची पट्टी धरून शिवा, काठ ताणत नाही, सगळा ड्रेस त्या दोन शिवणींवर लटकणार आहे. कंबरेला चुण्यांचा जड घेर असेल तर त्या शिवणीतही अशीच पट्टी.

सुई नवीन लावा, रेयॉन-लॉनला ७० ची, लिनन किंवा जरा जाड कॉटनला ८०. टाका २ ते २.२ मिमी. आतून इंटरलॉकपेक्षा या कापडांना फ्रेंच शिवण मला आवडते, १.५ सेंमी माया असली की ती आरामात बसते: उलट्या बाजू आत घेऊन म्हणजे सुलट्या बाहेर ठेवून ६ मिमीवर टीप, मग कडा ३ मिमीपर्यंत छाटायच्या, उलटवून इस्त्री, आणि मग ९ मिमीवर दुसरी टीप. दशा सगळ्या आत बंद.

बाही पॅटर्नमध्ये शेवटी गोल जोडायला सांगितलेली असते. खांदा उतरता आणि बाही सैल असेल तर ऐकू नका, खांदा जोडल्यावर बाही सपाटच लावा आणि मग बाहीच्या तोंडापासून काखेतून खालपर्यंत बाजू एका दमात शिवा. खिसे लावणार असाल तर त्यांचं वरचं टोक कंबरेच्या शिवणीत अडकवून घ्या, नाहीतर पातळ कापडात फोन ठेवला की बाजू लोंबते.

चुण्यांसाठी ४ मिमीच्या लांब टाक्याच्या दोन टिपा मारा, एक शिवणरेघेच्या आत आणि एक बाहेर, आणि फक्त बॉबिनचा दोरा ओढा. पूर्ण घेर एकदम ओढायला गेलात तर दोरा तुटणारच, म्हणून चार भागांत. ओढून झालं की चुण्या बोटांनी नव्हे तर टाचणीच्या टोकाने एकेक खाली सरळ करा, टेबलावर उभ्या ओळीसारख्या दिसल्या पाहिजेत, आणि शिवताना चुण्या वर ठेवा म्हणजे कुठे आडवी घडी सापडतेय ते दिसतं.

गळ्याला पॅटर्नने फेसिंग (आतून लावायचा गळ्याच्याच आकाराचा तुकडा) दिलं असेल तर उन्हाळी ड्रेसला मी ते काढूनच टाकते. घामाने चिकटतं, धुतल्यावर बाहेर येतं. त्याऐवजी उरेब पट्टी, ४५ अंशात कापलेली, ३ ते साडेतीन सेंमी रुंद. गोलाईवर शिवताना पट्टी किंचित ओढून धरायची, गळा नाही. गळा ओढलात तर लाटा येतात आणि पट्टी सैल ठेवलीत तर गळा उभा राहतो. पट्टी आत वळवून बारीक टीप किंवा हातशिलाई. इस्त्री उचलून ठेवत जा, रेयॉनवर घासत नेऊ नका.

खाली दुमडायच्या आधी ड्रेस एक रात्र टांगून ठेवा. तिरक्या धाग्याचे भाग खाली उतरतात. सकाळी घालून उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला जमिनीपासून पट्टीने सगळीकडे सारखं माप घेऊन खडूने खुणा करायला लावा. घेर गोलाईचा असेल तर १ सेंमीची बारीक दुमडच बसते, रुंद पट्टा फक्त सरळ घेराला.

आणि तो पहिला ड्रेस फेकू नका, बराचसा सुधारतो. बाजू मुंढ्यापासून कंबरेपर्यंत १-१ सेंमी आत घ्या, एकूण ४ सेंमी जातात, पण मुंढा घट्ट होत नाहीये ना ते घालून बघत बघत. खालची दुमड उसवून वर सांगितल्यासारखी पुन्हा खूण करा, मागचा जादा भाग कापून टाका, पुढून वाढवता येणार नाही तेव्हा पुढच्याच्या बरोबरीला आणायचं. गळ्याला उरेब पट्टी असेल तर मागच्या बाजूला ती आतून दोन्ही खांद्यांशी थोडी उसवून ५-६ मिमीचं इलॅस्टिक ओवा, मागच्या गळ्यापेक्षा ४-५ सेंमी आखूड, आणि टोकं खांद्याच्या शिवणीवर पक्की करा. मागे बारीकशा चुण्या येतील, त्या मुद्दाम केल्यासारख्याच दिसतात आणि गळा जागेवर राहतो. फेसिंग असेल तर मात्र आधी ते काढून पट्टी लावावी लागेल.